राजा, रयत आणि मधले

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कोल्हापूर संस्थानचा नकाशा पाहिला तर एका राज्याच्या पोटात अनेक राज्ये दिसतात. शहरातून पश्चिमेला घाटाकडे निघाले की पंत अमात्यांची बावडा जहागीर लागे, वायव्येला पंत प्रतिनिधींचे विशाळगड, दक्षिणेला बेळगावच्या वाटेवर घाटग्यांचे कागल आणि पूर्वेला घोरपड्यांची इचलकरंजी. कागलच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन जहागिरी. त्याशिवाय कापशी, तोरगल, हिंमतबहादूर आणि सरलष्करबहादूर. अशा एकूण नऊ मोठ्या जहागिरी. प्रत्येकीची कचेरी वेगळी, कारभारी वेगळा, न्यायाचा अधिकार वेगळा. त्यांच्यावर छत्रपती, छत्रपतींवर मुंबई सरकारचा पोलिटिकल एजंट आणि एजंटावर मुंबई, कलकत्ता, लंडन.

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकात्म राज्य आणि संघराज्य असे दोन स्वच्छ रकाने असतात. इंग्लंड-फ्रान्स एकीकडे, अमेरिका-स्वित्झर्लंड दुसरीकडे. रकाने चुकीचे नाहीत. एकात्म राज्यातही जिल्हे, प्रांत, नगरपालिका असतात. पण त्यांचा अधिकार वरून दिलेला असतो आणि वरच्याला तो काढून घेता येतो. लंडन महानगराची लोकांनी निवडलेली परिषद ब्रिटिश पार्लमेंटने १९८६ मध्ये एका कायद्याने रद्द केली आणि त्यासाठी लंडनकरांची संमती घ्यावी लागली नाही. संघराज्यात मधल्या थराचा अधिकार लेखी असतो आणि वरच्याला तो एकट्याच्या मर्जीने मोडता येत नाही. म्हणजे एका व्यवस्थेत मधल्याला काम असते, दुसरीत हक्क. कोल्हापूरचा अडीचशे वर्षांचा इतिहास या फरकाभोवती फिरला आहे, आणि त्याची सुरुवात इंग्रजांच्या किती तरी आधीची आहे.

हा प्रश्न मराठीत प्रथम नीट मांडला तो याच मातीत. १७१५ च्या सुमारास, पन्हाळ्याच्या गादीवर ताराबाईंना बाजूला सारून राजसबाईंचा मुलगा संभाजी आल्यावर, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ तयार झाले. त्यातले वतनदारांवरचे प्रकरण आजही वाचण्याजोगे आहे. देशमुख, देशपांडे, पाटील ही मंडळी राज्यातली वाटेकरीच आहेत. आपल्या मुलखात ती बळ वाढवतात, शेजाऱ्याशी भांडतात आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने शत्रूला जाऊन मिळतात, असे पंत सांगतात. पण त्यांना मुळासकट उपटा असे मात्र ते म्हणत नाहीत. जवळही ठेवावे, धाकातही ठेवावे, सैल सोडू नये आणि पिळूनही काढू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

पंतांनी दोन्ही व्यवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. शिवाजी महाराजांचा कल एकात्म राज्याकडे होता. सरदाराला जहागीर तोडून देण्याऐवजी रोख पगार द्यायचा आणि देशमुखांच्या गढ्या-वाडे पाडायचे, असे त्यांचे धोरण होते. ते पंतांनी जवळून पाहिले. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले आणि हुकुमतपनाह म्हणून महाराष्ट्र पंतांच्या हाती आला. समोर औरंगजेब वतनांची खैरात करत होता. त्याला तोंड द्यायचे तर मराठ्यांनाही वतने आणि इनामे द्यावी लागली. राज्य वाचले, पण ज्या मधल्यांना महाराजांनी आवळले होते ते पुन्हा ताठ उभे राहिले. आणि ज्यांच्या नावाने वतनदारांविषयीचा हा इशारा आपण वाचतो, त्यांच्याच वंशाकडे बावड्याची जहागीर १९४९ च्या पुढेपर्यंत नांदली. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याला रोग आतून ठाऊक होता, त्यानेच तो लिहून ठेवला.

त्यानंतर सातारा आणि कोल्हापूरच्या दोन छत्रपतींचा वाद मिटला तो १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने. वारणा ही हद्द ठरली. उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. साताऱ्याच्या बाजूला पेशवे, शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले असा सरंजामदारांचा सैल संघ वाढत गेला. पुष्कळ इंग्रज इतिहासकारांनी त्याला मराठा संघ असे नाव दिले. त्यात संघ कमी आणि गरजेपुरती सोयरीक जास्त होती. केंद्राला कर वसूल करता येत नाही, घटकाला केंद्राविरुद्ध दाद मागता येत नाही आणि वाद झाला तर निवाडा तलवारीने होतो, अशा रचनेला संघराज्य म्हणणे धाडसाचे आहे. कोल्हापुरातही तेच लहान आकारात चालले होते. इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या घरात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिलेली. त्यामुळे कोल्हापूरच्या मुलखात राहूनही इचलकरंजीचे पाठबळ पुण्यात असे. आपण छत्रपतींचे अंकित आहोत की नाही, हा त्यांचा वाद थेट विसाव्या शतकापर्यंत चालला.

१८१२ मध्ये इंग्रजांशी तह झाला. मालवण गेले, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय लढाई करायची नाही हे कोल्हापूरने मान्य केले. परराष्ट्र कारभार गेला, घरचा राहिला. कागदावर ही संघराज्याचीच विभागणी दिसते. पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारा तिसरा कोणी नव्हता. तहाचा अर्थ इंग्रजच लावत.

तो अर्थ किती लांब जाऊ शकतो हे १८४४ मध्ये दिसले. शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज १८३८ मध्ये वारले, वारस लहान होता आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. पंडित कामसू होते आणि त्यांना विस्कळीत कारभार खपत नसे. सामानगड, भुदरगड, पन्हाळा अशा किल्ल्यांवर गडकऱ्यांची वसती पिढ्यान्‌पिढ्या होती. गडाच्या नावाने तोडून दिलेल्या जमिनी होत्या आणि त्यांचा हिशेब गडावरच होई. पंडितांनी या जमिनी मामलेदाराच्या देखरेखीखाली आणल्या. कारभाराच्या दृष्टीने गोष्ट साधी होती, दोन दप्तरांऐवजी एक दप्तर. गडकऱ्यांना मात्र त्यात आपला गड जाताना दिसला. पावसाळ्यात सामानगडाने दरवाजे लावून घेतले, पाठोपाठ भुदरगड पेटला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडण्यात आले. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा. बंडाचे पुढारी बाबाजी अहिरेकर पन्हाळ्यावर मारले गेले. बंडाचे लोण सावंतवाडीपर्यंत पोहोचले होते.

बंड मोडल्यावर गडकरी ही व्यवस्थाच संपली. किल्ल्यांची तटबंदी पाडली गेली आणि बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूरच्याच माथी बसला. या प्रकरणात मला गडकऱ्यांची बाजू पूर्ण खरी वाटत नाही आणि पंडितांचीही नाही. गडाच्या जमिनी कसणाऱ्या कुळाला मामलेदार आणि गडाचा हवालदार यांत कोण बरा वाटत होता, हे कुणी विचारले नाही. एकात्म कारभार आणणाऱ्याला व्यवस्था हवी होती, अडवणाऱ्याला परंपरा. रयत दोघांच्याही तोंडी होती.

मग २० ऑक्टोबर १८६२ चा तह. महत्त्वाच्या सर्व बाबतींत महाराजांनी इंग्रज सरकारच्या सल्ल्याने वागायचे, हे त्यात पक्के झाले. जहागिरदारांची गोष्ट तर आणखी मजेदार. ते छत्रपतींचे मांडलिक, पण मोठ्या जहागिरदारांवर देखरेख एजंटाची. गंभीर गुन्ह्याचा खटला जहागिरीतून निघाला की छत्रपतींच्या कोर्टाला वळसा घालून एजंटाकडे जाई. मधल्याला हक्क मिळाला होता खरा. तो राज्यघटनेने दिलेला नव्हता, राजाला वेसण घालण्याची सोय म्हणून तिसऱ्यानेच राखला होता.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी सूत्रे हाती घेतली ती या परिस्थितीत. ते स्वतः कागलच्या थोरल्या पातीतले, जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव, दत्तक होऊन गादीवर आलेले. जहागिरदाराच्या घरात जन्मलेल्या या राजाला मधल्या थराचे बळ आणि दुखणे दोन्ही माहीत होते. नऊ जहागिरदारांच्या बाबतीत त्यांचे हात एजंटाने बांधलेले होते. पण गावातल्या मधल्यावर, म्हणजे कुलकर्ण्यावर, त्यांना हात घालता येत होता. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने खालसा केली आणि पगारी तलाठी नेमले, तेही सर्व जातींतून. महार वतनाची वेठही त्यांनी मोडली. गावचे दप्तर वंशपरंपरेच्या हातातून सरकारच्या हातात आले. दोनशे वर्षांपूर्वी आज्ञापत्र जे सांगायला कचरले होते, ते एका हुकमाने झाले. कुलकर्णी मंडळींनी अर्ज केले आणि पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत रान उठले.

इथे जरा थांबायला हवे, कारण दोन व्यवस्थांमधला वाद याच ठिकाणी गुंतागुंतीचा होतो. २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा जाहीरनामा, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, तलाठ्यांच्या नेमणुका ही सगळी कामे कोल्हापूरला करता आली ती एका कारणाने. या खात्यांपुरते ते मुंबई प्रांताच्या बाहेर होते. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा शिक्षणाचा कायदा १९१८ मध्ये आला, तोही फक्त नगरपालिकांपुरता. खेड्यातल्या मुलाला सक्तीची शाळा आधी मिळाली ती कोल्हापुरात. अमेरिकेत घटक राज्यांना कायद्यांच्या प्रयोगशाळा म्हणण्याची पद्धत आहे. एका राज्यात चालले तर दुसरी उचलतात, फसले तर नुकसान तेवढ्यापुरते. संघराज्याच्या बाजूचा हा सर्वांत पक्का मुद्दा, आणि कोल्हापूर त्याचे चोख उदाहरण. पण त्याच कोल्हापुराच्या हद्दीत महाराजांना हे साधले ते मधले थर बाजूला सारून, एका दरबारातून थेट गावापर्यंत हुकूम पोचवून. बाहेरून स्वायत्त आणि आतून एकात्म, असे हे राज्य होते. राजा वेगळा असता तर याच रचनेतून काय निघाले असते, याची उदाहरणे आसपासच्या संस्थानांत भरपूर होती.

शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात १९३१ मध्ये कोल्हापूरला स्वतःचे हायकोर्ट झाले. दोनच वर्षांनी दख्खन संस्थानांसाठी वेगळी एजन्सी होऊन रेसिडेंट कोल्हापुरात बसू लागला आणि मुंबई सरकारशी असलेला संबंध तुटून कारभार थेट दिल्लीशी जोडला गेला. त्याच सुमारास लंडनच्या गोलमेज परिषदांतून अखिल भारतीय संघराज्याची कल्पना आकार घेत होती. १९३५ च्या कायद्यात ती उतरली. ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रांत आणि संस्थाने मिळून एक संघ. प्रांत आपोआप सामील, संस्थानिक स्वखुशीने. अट अशी की वरिष्ठ सभागृहातल्या संस्थानांच्या १०४ जागांपैकी निदान ५२ जागांची संस्थाने आणि संस्थानी प्रजेची निम्मी लोकसंख्या आत आली पाहिजे. ती अट पुरी झालीच नाही. संस्थानिक वाटाघाटी करत बसले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या निमित्ताने व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी योजना गुंडाळून ठेवली.

त्या योजनेवर सर्वांत धारदार टीका पुण्यात झाली. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काळे स्मारक व्याख्यान देताना डॉ. आंबेडकरांनी ती उभी-आडवी तपासली. आपला कल एकात्म राज्यपद्धतीकडे आहे हे त्यांनी तिथे लपवले नाही. संघराज्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. पण ज्या संघात प्रांतांचे प्रतिनिधी लोकांनी निवडलेले आणि संस्थानांचे राजाने नेमलेले, त्यात लोकशाहीच्या गळ्यात धोंड बांधली जाते, असा त्यांचा रोख होता. हेच आंबेडकर १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला कोल्हापूर संस्थानात आले होते आणि शाहू महाराजांनी त्यांचे जाहीर कौतुक केले होते. एका संस्थानिकाचे मोल जाणणारा माणूस संस्थानांच्या संघाला नको म्हणत होता, यात मला विसंगती वाटत नाही. राजाचे गुण हा राज्यघटनेचा आधार होऊ शकत नाही.

जानेवारी १९३९ मध्येच औंध संस्थानात उलट्या बाजूने प्रयोग सुरू झाला. भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधींच्या सल्ल्याने सत्ता गावपंचायतींकडे सोपवणारी राज्यघटना दिली. पंचायतींतून तालुका समित्या, त्यांतून विधिमंडळ. पुढे १९४७ मध्ये दख्खनच्या आठ लहान संस्थानांनी एकत्र येऊन संघ बांधायचे ठरवले ते काहीसे या भरवशावर: औंध, भोर, फलटण, सांगली, थोरले आणि धाकटे मिरज, थोरले कुरुंदवाड, रामदुर्ग. ऑक्टोबरात करार झाला, भोरचे राजे राजप्रमुख ठरले. कोल्हापूर त्यात गेले नाही. ते त्या आठांतल्या कुणाहूनही मोठे होते. संघ टिकण्याजोगा नव्हता हे नकाशावरच दिसते. एकट्या सांगलीचा मुलूख मंगळवेढ्यापासून गदगजवळच्या शिरहट्टीपर्यंत तुकड्या-तुकड्यांत पसरला होता आणि मधल्या साऱ्या वाटा मुंबई प्रांताच्या. डिसेंबरात ओरिसातली संस्थाने प्रांतात विलीन झाली आणि काही आठवड्यांतच इथल्या प्रजेने व राजांनीही तोच रस्ता धरला. ८ मार्च १९४८ ला ती मुंबई प्रांतात मिसळली.

आता कोल्हापूर. १९४७ च्या ऑगस्टमध्ये सामीलनाम्यावर सही करताना छत्रपती शहाजी महाराजांनी तीन विषय दिले: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी सारे कोल्हापूरकडे. इतके ढिले आणि इतके खरे संघीय नाते कोल्हापूरला आधी कधी लाभले नव्हते, पुढेही नाही. ते दीड वर्षच टिकले. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी १९३९ पासून प्रजा परिषदेतून जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली होती. लोकांचे मंत्रिमंडळ आले, पण त्याची घडी बसण्याआधीच गांधीहत्या झाली. ३१ जानेवारीपासून कोल्हापुरात ब्राह्मणांची घरे-दुकाने जळाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. दंगल आवरता न आल्याचा ठपका दरबारावर आला आणि केंद्राने नंजप्पा यांना प्रशासक म्हणून पाठवले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत आंबेडकर घटनेचा मसुदा मांडत होते, आपले संघराज्य साच्यात ओतलेले नाही, काळानुसार ते एकात्मही होऊ शकेल, असे समजावून सांगत होते. कोल्हापूर तेव्हा प्रशासकाच्या हाती होते, म्हणजे घटना लागू होण्याच्या आधीच त्या वाक्याचा अनुभव घेत होते.

१ मार्च १९४९ ला विलीनीकरण झाले. महाराजांचा तनखा वर्षाला १० लाख रुपये ठरला. एकोणीस तोफांच्या मानाचे राज्य मुंबई प्रांताचा एक जिल्हा झाले. हायकोर्ट गेले. राधानगरीचे धरण, जे शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू करून पैशाअभावी अर्ध्यावर ठेवले होते, ते मोठ्या राज्याच्या तिजोरीतून १९५७ ला पुरे झाले. नऊ जहागिरी १९५३ च्या कायद्याने संपल्या. राजाला दोनशे वर्षांत जे जमले नव्हते ते मुंबईच्या विधिमंडळाला जमले. रयतेच्या बाजूने पाहिले तर जमाखर्चात जमा जास्त दिसते, असे माझे मत आहे.

खर्चाच्या बाजूला मात्र रायबाग आहे. रायबाग आणि कटकोळ हा कोल्हापूर संस्थानचा मुलूख. विलीनीकरणानंतर कारभाराच्या सोयीसाठी तो बेळगाव जिल्ह्याला जोडला गेला. तेव्हा बेळगावही मुंबई प्रांतातच, त्यामुळे एका सरकारच्या दोन जिल्ह्यांतली ती अदलाबदल होती आणि तिच्यावर कुणी फार वेळ घालवला नाही. सात वर्षांनी राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला मिळाला. रायबाग बेळगावबरोबर गेले. फायलीवरची जिल्ह्याची रेघ राज्याची सीमा झाली. अमेरिकेत दोन राज्यांच्या सीमा बदलायच्या तर त्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवतात. ते मानायला संसद बांधलेली नाही. सीमाभागाचा सगळा झगडा, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा, या एका तरतुदीच्या सावलीत चालला आहे. आणि तरीही तो दावा एक राज्य दुसऱ्या राज्यावर आणि केंद्रावर लावू शकते, हे संघराज्याचेच देणे. १८४४ मध्ये गडकऱ्यांना कुठे दावा लावायचा होता?

हायकोर्टाचे मात्र वेगळ्याच वाटेने झाले. अमेरिकेत संघाची न्यायालये वेगळी, राज्यांची वेगळी. आपल्याकडे न्यायव्यवस्था एकच, वरपासून खालपर्यंत. हा आपल्या घटनेतला सर्वांत एकात्म भाग. राज्याच्या विधिमंडळाने कितीही ठराव केले तरी उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळत नाही. कोल्हापूरच्या वकिलांनी त्यासाठी काही दशके आंदोलने केली, कामबंद केले, मोर्चे काढले. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. त्याची अधिसूचना मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने काढली ती १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ खाली. रायबाग पलीकडे नेणारा कायदाही हाच.